काड्यांची साक्ष

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर जिवंत झाल्यासारख्या हलवायच्या, हा त्यातला प्रयोग. त्याची प्रत आज उरलेली नाही. तरीही ऑनलाइन ज्ञानकोशासाठी त्याची नोंद लिहायला घेतली, तर त्याला भारतातला पहिला ॲनिमेशनपट ठरवणारे संदर्भ भराभर हाती लागतात. इथेच थांबून विचार करायला हवा. एका पुस्तकातले विधान वर्तमानपत्राने उचलले, तिथून ते संकेतस्थळावर गेले आणि संकेतस्थळावरून नव्या पुस्तकात आले, तर तळटिपा चार होतात, साक्षीदार मात्र एकच राहतो. म्हणून संदर्भांची संख्या पाहण्याआधी त्यांचे कूळ पाहावे. विधान प्रथम कोणी केले आणि ते करणाऱ्याला ती गोष्ट कशी ठाऊक होती, या दोन प्रश्नांवर संदर्भाचे वजन ठरते.

यावर एक आक्षेप सरळ येतो: मूळ चित्रपटच हरवला असेल, तर अशा छाननीला अर्थ काय? पण चित्रपट हाती असला म्हणजे वाद मिटतो, असेही नाही. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांचा ‘मॅचेस ॲपील’ हा काड्यांचाच चित्रपट टिकून आहे. सैनिकांना काडेपेट्या पाठवण्यासाठी लोकांनी पैसे द्यावेत, असे आवाहन त्यात आहे. हे सैनिक बोअर युद्धातले मानले, तर तो १८९९चा ठरतो. पहिल्या महायुद्धातले मानले, तर १९१४चा. त्यावरून अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्टही फारशी वेगळी नाही. त्याची जी रिळे शिल्लक आहेत, ती १९१३च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. थोडक्यात, फीत आपला काळ स्वतः सांगत नाही. तो जाहिराती, परीक्षणे आणि करणाऱ्याच्या लिखाणातून ठरवावा लागतो. हे कागद फीत हरवल्यावरही उरू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारतातले बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. इतकी कडक कसोटी लावली, तर आपला निम्मा इतिहास पुसला जाईल, अशी भीती वाटते. ती खरी ठरू नये, म्हणूनच विधानांच्या पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. चित्रपट झाला, ही पहिली पायरी. तो एकेक चौकट टिपून केला, ही दुसरी. तो देशातला पहिला होता, ही तिसरी. दुसऱ्या पायरीला आधार आहे: १९१२ साली फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती आणि तीच दाखवून भांडवलदाराचा विश्वास मिळवला होता. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, तेव्हा ही युक्तीही जगाला नवी नव्हती. तिसरी पायरी मात्र व्याख्येवर टेकलेली आहे. ॲनिमेशन म्हणजे रेखाटलेली चित्रे असे धरले, तर १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने काढलेला ‘द पी ब्रदर्स’ पुढे येतो.

ज्ञानकोशाने स्वतःचे संशोधन मांडू नये, छापील आधारावर चालावे, हा नियम योग्यच आहे. पण कोणता आधार घ्यायचा आणि त्यावर किती भार टाकायचा, हे संपादकालाच ठरवावे लागते. ती जबाबदारी नियम उचलत नाही. तेव्हा नोंदीत असे लिहावे: फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्यांचा हा चित्रपट केला, त्याची प्रत उरलेली नाही, आणि अनेक लेखक त्याला भारतीय ॲनिमेशनचा आरंभ मानतात. या वाक्यातून फाळक्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट, उद्या एखाद्या जुन्या दप्तरातून १९१५ची जाहिरात निघाली, तर ती जोडायला यात जागा आहे. ‘पहिला’ म्हणून शिक्का मारून बंद केलेल्या नोंदीसाठी ती जाहिरात शोधायला कोणी जाणार नाही.