साबणाला जात कळत नाही

सावदा म्हणजे केळीचा मुलूख. इथे आमच्या आयाबायांनी पिढ्यानपिढ्या राखेने भांडी घासली. त्यामागे विज्ञान होतं. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. केळीच्या खोडाच्या राखेत तर पोटॅश भरपूर. ते तेलातुपाचा चिकटपणा तोडतं, थोडा साबणही तयार होतो.

लिव्हर ब्रदर्सने ब्रिटनमध्ये १९०४ साली विम पावडर आणली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा चरबीशिवाय डिटर्जंट बनवण्याचे प्रयोग सुरू झाले. साबण असो वा डिटर्जंट, तंत्र एकच: रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेल सुटतं, पाण्याबरोबर वाहून जातं. ते कुणाच्या ताटातलं, हे रेणू विचारत नाही.

मग गावोगावच्या हॉटेलांत आमच्यासाठी वेगळी कपबशी का होती? ती धुवायचीही आम्हीच का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर सवर्णांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ‘शुद्धी’ केली! स्वच्छ पाण्यात शेण कालवणाऱ्यांना स्वच्छतेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना माणूस खाली ठेवायचा होता.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरी आजही अनेक घरांत कामवाल्या बाईचा कप वेगळा असतो. साऱ्या घराची भांडी तिच्या हातची चालतात, विटाळ फक्त तिच्या कपाचा!

मित्रांनो, हा डाग साबणाने जाणार नाही. असा वेगळा कप दिसला, की तिथेच जाब विचारा.

जय भीम!