ग्रेटना ग्रीनचा विवाह

इंग्रजी कादंबऱ्यांचा ज्यांना परिचय आहे, त्यांना ग्रेटना ग्रीन हें नांव अपरिचित नसावें. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरींतील लिडिया घर सोडतांना आपण तिकडेच निघालों आहों असें मैत्रिणीस लिहून ठेवते. लंडनपासून ३०० मैलांहून अधिक दूर असलेल्या या खेड्याला एवढी कीर्ति कां मिळाली, याचें उत्तर प्रणयांत नसून कायद्यांत आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनांतील फ्लीट तुरुंगाच्या आसपास कांहीं कर्जबाजारी धर्मोपदेशक पैसे घेऊन वाटेल त्याचें लग्न वाटेल त्या वेळीं लावून देत. विवाह होतांच वधूची जंगम मिळकत पतीच्या मालकीची होई व स्थावर त्याच्या ताब्यांत जाई. तेव्हां श्रीमंत मुलीस फूस लावणें हा एक किफायतशीर धंदाच होऊन बसला होता. त्यास आळा घालण्यासाठीं लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनीं १७५३ सालीं कायदा करविला व तो २५ मार्च १७५४ पासून अमलांत आला. विवाह चर्चमध्येंच व्हावा. तत्पूर्वीं तीन रविवार त्याची जाहीर घोषणा व्हावी किंवा परवाना घ्यावा. आणि २१ वर्षांखालील वधूवरांनीं परवान्यानें लग्न करावयाचें तर पित्याची अथवा पालकाची संमति असावी, असे निर्बंध त्यांत होते. ते मोडून लग्न लावणाऱ्या धर्मोपदेशकास १४ वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा ठेविली होती.

परंतु हा कायदा स्कॉटलंडास लागू नव्हता. एक राजा व एक पार्लमेंट असूनहि स्कॉटलंडाचा विवाहविषयक कायदा निराळा राहिला होता. तेथें मुलगा १४ वर्षांचा व मुलगी १२ वर्षांची असली, आणि 'आम्ही पतिपत्नी आहों' असें दोघांनीं मनःपूर्वक उच्चारलें, कीं विवाह सिद्ध होई. पित्याची संमति नको, उपाध्याय नको, देऊळ नको. साक्षीदार हवेत ते केवळ पुराव्यापुरते. तेथें झालेला असा विवाह इंग्लंडांतहि ग्राह्य ठरे. सरहद्द ओलांडतांच लागणारें पहिलें गांव ग्रेटना. तेव्हां पळून आलेलीं जोडपीं तेथेंच थांबत. लग्न लावणाऱ्यांस लोक लोहार म्हणत. पण त्यांतील बहुतेकांनीं कधीं घण उचलला नसेल.

आमच्या शास्त्रकारांनीं परस्परांच्या इच्छेनें होणाऱ्या विवाहास गांधर्व ही संज्ञा दिली व हरण करून आणलेल्या कन्येच्या विवाहास राक्षस म्हटलें. ग्रेटनाचा कायदा वरवर गांधर्वाचा पुरस्कर्ता दिसतो. परंतु दारांत आलेलें जोडपें कोणत्या प्रकारचें आहे हें ओळखण्याचें साधन त्याजपाशीं नव्हतें. १८२६ सालच्या मार्चमध्यें एडवर्ड गिबन वेकफील्ड या गृहस्थानें एलन टर्नर नांवाच्या १५ वर्षांच्या मुलीस आईच्या आजाराची खोटी चिठ्ठी पाठवून शाळेंतून बाहेर काढलें, तुझा बाप बुडाला आहे व या लग्नानेंच तो वाचेल असें भासविलें, आणि ग्रेटना येथें तिच्याशीं विवाह केला. त्या मुलीनें 'होय' म्हटलें होतें. कायद्यास तेवढेंच पाहिजे होतें! पुढें नातलगांनीं तिला फ्रान्समधील कॅले येथून परत आणलें. १८२७ सालीं वेकफील्डला तीन वर्षांची कैद झाली. पण विवाह रद्द करण्यास पार्लमेंटास स्वतंत्र कायदा करावा लागला. न्यूझीलंडच्या वसाहतीच्या इतिहासांत पुढें मानानें घेतलें जाणारें वेकफील्ड हें नांव याच गृहस्थाचें होय.

यावर स्कॉटलंडानें पित्याची संमति आणली नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. १८५६ च्या कायद्यानें एवढेंच ठरविलें कीं, दोघांपैकीं एकाचें तरी कायमचें वास्तव्य स्कॉटलंडांत असावें, किंवा विवाहापूर्वीं २१ दिवस त्यानें तेथें राहिलेलें असावें. रातोरात घोडे पिटाळीत येऊन सूर्योदयापूर्वीं लग्न उरकणें त्यामुळें अशक्य झालें. केवळ उच्चारानें होणारा विवाह १ जुलै १९४० पासून बंद झाला. १९७७ च्या कायद्यानें वास्तव्याची अट गेली आणि तिच्या जागीं आगाऊ लेखी सूचना व कागदपत्रें आलीं.

म्हणजे कुमारिकेचा राखणदार म्हणून प्रथम पिता नेमला गेला, आणि पुढें त्याची जागा काळानें घेतली. कपटास घाई असते. खऱ्या प्रेमास तीन आठवडे जड वाटत नाहींत. परंतु हा राखणदारहि निःपक्षपाती असेलच असें नाहीं. आमच्याकडील १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांत ३० दिवसांची जाहीर सूचना आहे. त्या दिवसांत फसवणूक उघडकीस येऊं शकते, तसेंच संतप्त नातलगांस मुलीला घरांत कोंडून ठेवण्यास अवधिहि मिळूं शकतो. तेव्हां दिवस किती असावेत एवढेंच ठरवून भागत नाहीं. त्या दिवसांत ती मुलगी कोणाच्या धाकाखालीं असते, हेंहि कायदा करणाऱ्यांनीं पाहिलें पाहिजे. एलन टर्नरनें उच्चारलेला होकार तिचा स्वतःचा नव्हता. तो तिला खोटें सांगून वदविलेला होता. भीतीनें दिलेल्या नकाराचीहि किंमत त्याहून अधिक नाहीं.