वैद्याची साक्ष आणि गिरणीचा खोकला

कडेगाव हे पूर्वी सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मोडणारे गाव. 1949 साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि आज कडेगाव हे स्वतंत्र तालुक्याचे ठाणे आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. तेव्हा या टापूतील तरुणांनी पोटासाठी दोन वाटा धरल्या. कोणी सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करीत देशभर पांगले, कोणी मुंबईच्या कापडगिरण्यांत शिरले. पहिल्यांच्या वाट्यास तेजाबाचा धूर आला, दुसऱ्यांच्या वाट्यास कापसाची बारीक धूळ. गलाईची दुकाने लहान, मालक आणि गडी पुष्कळदा एकाच भावकीतले. तेथे नुकसानभरपाईचा अर्ज कोणी कोणाविरुद्ध करावा? गिरणीची गोष्ट वेगळी. तेथे मालक परका, कायदा छापील, आणि दोघांच्या मध्ये उभा राहणारा तिसरा इसम म्हणजे तज्ज्ञ वैद्य. हा वैद्य कोणाचा, हा प्रश्न त्या कायद्याच्या जन्मापासून त्यास चिकटलेला आहे.

कापसाच्या धुळीने जडणाऱ्या छातीच्या विकारास बिसिनोसिस असे नाव आहे. ताग आणि अंबाडी विंचरणाऱ्या कारागिरांच्या खोकल्याविषयी इटलीतील रामाझिनी या वैद्याने 1700 सालीच लिहून ठेवले होते. पुढे 1950 नंतरच्या दशकात इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात डॉ. शिलिंग यांनी या रोगाच्या पायऱ्या नीट मांडून दाखविल्या. या रोगाची खोड मोठी चमत्कारिक आहे. रविवारची सुटी भोगून कामगार सोमवारी पिंजणखात्यात पाऊल टाकतो, आणि त्याच दिवशी त्याची छाती आवळू लागते. आठवड्याच्या पुढील दिवसांत त्रास उतरतो. काही वर्षांनी तो सर्व दिवस व्यापतो, आणि मग माणूस जिना चढताना थांबू लागतो.

आता वैद्याची अडचण पाहा. दगड फोडणाऱ्याच्या सिलिकोसिसच्या खुणा क्ष-किरणांच्या छायाचित्रात उमटतात. बिसिनोसिसला असा स्वतःचा शिक्का नाही. कोणत्या खात्यात किती वर्षे काढली, सोमवारी काय होते, पाळीच्या आधी श्वास किती भरला आणि पाळीनंतर किती उरला, एवढ्यावरच निदान करावयाचे. रोग जुना झाला की बिडी ओढणाऱ्याचा जुनाट खोकला आणि हा खोकला यांत फरक करणे फार कठीण. म्हणजे, ज्यास बिडीकडे बोट दाखवावयाचे असेल त्यास बिडी नेहमीच सापडते! लबाडीचीही गरज नसते. प्रश्न कोणता विचारावयाचा आणि कोणता सोडून द्यावयाचा, एवढ्यानेच निकाल फिरतो.

1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलात आला. त्याच्या आरंभीच्या यादीत शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा, अँथ्रॅक्स अशा मोजक्याच रोगांना जागा होती. कापसाच्या धुळीचा रोग त्या यादीत पुढे आला. याच कायद्याच्या अकराव्या कलमाने मालकास एक अधिकार दिला : आपल्या खर्चाने नेमलेल्या वैद्याकडून कामगाराची तपासणी करविण्याचा. कामगाराने तपासणी नाकारली की त्याचा हक्क स्थगित होई. कामगारास स्वतःचा वैद्य आणण्याची मनाई नव्हती. त्याची फी देण्याची ऐपत मात्र त्यास कोणी दिली नव्हती.

पक्षकाराने आपला तज्ज्ञ आणावा ही रीत इंग्रजी न्यायालयांची. 1782 साली वेल्स बंदर गाळाने का भरले या खटल्यात लॉर्ड मॅन्स्फील्ड यांनी स्मीटन या स्थापत्यशास्त्रज्ञाचे मत पुरावा म्हणून घेतले, आणि ही रीत पक्की झाली. आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याच्या 45 व्या कलमाने तज्ज्ञाचे मत ग्राह्य मानले. पण तज्ज्ञाने इमान कोणाशी राखावे याविषयी ते कलम मौनच पाळीत होते. इंग्लंडात हे मौन फार उशिरा सुटले. 1993 साली एका जहाजाच्या खटल्यात न्या. क्रेसवेल यांनी तज्ज्ञाची कर्तव्ये एकेक करून सांगितली, आणि 1999 पासून तेथील दिवाणी नियमांनी स्पष्टच ठरविले की, पैसे कोणीही दिलेले असोत, तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी.

हिंदुस्थानात वाट निराळी निघाली. 1943 साली सरकारने प्रा. अडारकर यांजकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपविली. त्यांचा अहवाल 1944 साली आला आणि त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा जन्मला. विमा लागू झालेल्या कामगारापुरते भरपाईचे ओझे एकट्या मालकावरून उतरून सामाईक निधीवर आले, आणि अपंगत्वाचा निर्णय वैद्यक मंडळाकडे गेला. त्यावर अपील करण्याची सोयही झाली. गिरणीच्या डॉक्टरचा शब्द अखेरचा राहिला नाही, ही सुधारणा लहान नव्हे. तथापि मंडळाच्या रचनेचे नियम करणारे महामंडळ आणि पैसे देणारे महामंडळ एकच. मालकाच्या वैद्यावर जो संशय, तो थोडा सौम्य होऊन येथेही उरला.

1995 साली दोन गोष्टी घडल्या. मुंबईच्या एका कापडगिरणीतील बिसिनोसिसविषयी डॉ. मुरलीधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी निकाल दिला. विमा रुग्णालयाने तपासलेल्या गुजरातेतील कामगारांना न्यायालयाने पुन्हा तपासणीसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेकडे धाडले, आणि ज्यांचा रोग तेथे ठरेल त्यांस प्रत्येकी एक लाख रुपये देण्यास फर्माविले. तिसऱ्याच संस्थेकडे जाण्यात कामगाराचा लाभ होता तसा धोकाही होता. निःपक्षपात म्हटला की तो दोन्हीकडे कापतो. त्याच निकालाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर, जपण्याचे बंधन घातले. हा भाग वर्तमानपत्री मथळ्यांचा नव्हे, परंतु वैद्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. नोंद नसेल तर अत्यंत प्रामाणिक तज्ज्ञही अंदाजच सांगणार.

कापडगिरण्यांचा कामगार याच ठिकाणी पेचात सापडला. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत संप सुरू झाला. हजारो कामगार सातारा, सांगली व कोकणातील आपापल्या गावी परतले, आणि पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पिंजणखात्यातील हजेरीची पुस्तके गिरणीबरोबरच दृष्टीआड झाली. अशा कामगाराचा खोकला तपासणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरपुढे क्षयाची शंका आणि बिडीचे बंडल एवढेच येते. पंचवीस वर्षे तो कोणत्या खात्यात उभा होता, हे विचारण्यास सांगणारा कागद त्याच्यापुढे नसतो.