पहिल्या सेक्टरची साक्ष

माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर सोलापुरातच सुटे भाग जुळवून तयार केलेला आहे. त्यातली हार्ड डिस्क पूर्वी दुसऱ्या यंत्रात होती. बूटलोडर कोणत्या आवृत्तीचा आहे, असं लिनक्सला विचारलं तर ग्रब या बूटलोडरची ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा २.०६ सांगायची, यंत्र सुरू होताना पडद्यावर मात्र २.०४ दिसायचं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आज्ञा सांगते ती चालू लिनक्समध्ये बसवलेल्या पॅकेजची आवृत्ती. यंत्र ज्यावरून उठतं तो डिस्कवरचा बूटलोडर आधीच्या मालकाच्या काळातला असू शकतो. म्हणून डिस्कच वाचून पाहावी लागते.

डिस्कवर खरोखर काय आहे, या प्रश्नाचं फार कठीण रूप १९९० साली भारतातल्या कॉम्प्युटरांपुढे उभं राहिलं. तो जोशी नावाचा कॉम्प्युटर विषाणू.

त्याची हकिगत जुळवायला दोन साधनं हाताशी आहेत. एक म्हणजे पॅट्रिशिया हॉफमन यांनी संकलित केलेल्या विषाणूंच्या यादीतली नोंद, आणि दुसरं म्हणजे त्या नोंदीतून कळणारी खुद्द विषाणूची रचना. नोंद म्हणते, की हा विषाणू जून १९९० मध्ये भारतात वेगळा करून ओळखला गेला. तेव्हाच तो भारताच्या काही भागांत आणि आफ्रिकेतही बराच पसरलेला होता. याचा सरळ अर्थ असा, की जून ही शोधाची तारीख आहे, जन्माची नव्हे. सव्वापाच इंची फ्लॉपी हातोहात जाण्याच्या त्या काळात दुसऱ्या खंडापर्यंत पोचायला वेळ लागणारच. त्यामुळे जन्म त्याच्या बराच आधीचा धरावा लागतो.

नावाबद्दल सावध राहायला हवं. दरवर्षी ५ जानेवारीला यंत्र अडून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला सांगे. तेवढं टाइप केलं की काम पुन्हा सुरू. आपल्याकडे हे वाचून कुणीही चटकन म्हणेल, मराठी पोराचं काम. पण जोशी गुजरातेत आहेत, राजस्थानात आहेत, कुमाऊंमध्येही आहेत. शिवाय शुभेच्छा म्हणजे सही नव्हे. १९८६ च्या ब्रेन विषाणूत लाहोरच्या अल्वी बंधूंनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर बूट सेक्टरमध्येच लिहून ठेवला होता. त्याला सही म्हणता येईल. इथे आहे फक्त एक आडनाव आणि एक वाढदिवस. मला यात मित्राला आडनावाने हाक मारणारी ओळख ऐकू येते, पण तो माझा कयास आहे, पुरावा नाही.

यंत्र सुरू होताना बायोस हा त्यातला मूळ प्रोग्रॅम डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, स्मृतीत आणतो. शेवटी ५५ एए ही खूण दिसली, की आत काय लिहिलं आहे याची चौकशी न करता त्याप्रमाणे वागू लागतो. सोलापुरी चादर विणणाऱ्याला हे निराळं सांगायला नको. जकार्डावर छिद्रांच्या कार्डांची माळ फिरते. त्या माळेत कुणी परकं कार्ड ओवलं, तरी माग तक्रार करत नाही. छिद्र सांगेल तो ताणा उचलतो. चूक कळते ती कापड विणून झाल्यावर.

जोशीने फ्लॉपीचा बूट सेक्टर आणि हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर बळकावला. उरलेला मजकूर त्याने डॉस ही तेव्हाची कार्यप्रणाली फिरकत नाही अशा जागी ठेवला. ३६० केबीच्या फ्लॉपीवर चाळीस ट्रॅक असतात. हा एकेचाळिसावा ट्रॅक आखून पाच सेक्टरांत बसला. हार्ड डिस्कवर त्याने पहिल्याच ट्रॅकवरचे दोन ते सहा हे सेक्टर घेतले. पहिल्या सेक्टरानंतरची हीच मोकळी पट्टी आज, जुन्या बायोस पद्धतीने बसवलेला ग्रब आपल्या गाभ्यासाठी वापरतो.

खरी कसोटी तपासणाऱ्याची होती. विषाणू स्मृतीत असताना पहिला सेक्टर वाचायला मागितला, तर तो मूळ, निर्दोष सेक्टर पुढे करायचा. म्हणजे आरोपीलाच त्याच्याविरुद्धचे कागद आणायला पाठवण्यासारखं. नोंदीत सांगितलेली तपासणी म्हणूनच कडक आहे. वीज पूर्ण बंद करा. खात्रीच्या, लिहिण्याला बंदी केलेल्या डॉसच्या फ्लॉपीवरून यंत्र उठवा. मग सेक्टर उघडून पहिले दोन बाइट पाहा. ते ईबी १एफ असतील तर जोशी आहे. चालू यंत्रात एकच गोष्ट त्याला झाकता येत नसे: तो सुमारे ६ केबी स्मृती व्यापायचा. ६४० केबीच्या यंत्रात सीएचकेडीएसके ही आज्ञा एरवी ६,५५,३६० बाइट दाखवते. ६ केबी नेमके धरले तर तिथे ६,४९,२१६ दिसले पाहिजेत.

संदेश दिसला नाही म्हणून यंत्र शुद्ध, असंही म्हणता येत नसे. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेला जुना एक्सटी पीसी सुरू होताना तारीख विचारतो. नुसतं एंटर दाबलं, तर त्याच्यासाठी १ जानेवारी १९८० च राहते. अशा यंत्रावर ५ जानेवारी उजाडायचीच नाही, आणि फ्लॉपीमागून फ्लॉपी बाधित होत राहायची.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल पत्र वरचढ हा धडा आपल्याकडे गिरवला जातो. बूट सेक्टरच्या बाबतीत मी तो अक्षरशः पाळतो. यूएसबीवरच्या लिनक्सने यंत्र उठवून माझ्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचला. सुरुवात ईबी ६३ अशी होती. ही ग्रब २ ची खूण. जुन्या ग्रबची ईबी ४८ असते. आवृत्तीचा आकडा या ५१२ बाइटांत लिहिलेला नसतो. तो बूट पार्टिशनवरच्या ग्रबच्या मॉड्यूलमध्ये सापडला: २.०४.

हॉफमन यांच्या नोंदीतली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. १५ जुलै १९९० पर्यंत हार्ड डिस्क निर्धोक करणारं कोणतंही साधन उपलब्ध नाही, असं ती सांगते. उपाय म्हणून फाइलींची नक्कल काढून डिस्क पार खालपासून फॉरमॅट करायला सांगते. आणि त्याच नोंदीत, काही ओळी आधी, मूळ पहिला सेक्टर कुठे आहे तेही लिहिलं आहे: पहिला ट्रॅक, नववा सेक्टर. विषाणूने तो फाडला नव्हता, कारण लपण्यासाठी त्याला तोच दाखवायचा होता. स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र उठवून नवव्या सेक्टरातले ५१२ बाइट पहिल्यावर उतरवायचे, एवढंच बाकी होतं.