बोटवाल्याचं "बिनधास्त जावा" आणि न्यूयॉर्कचा पूल

परवा मालवणच्या किनाऱ्यावर होतो. स्कूबा करून आलेल्या कोल्हापूरच्या एका पाहुण्यानं बोटवाल्याला विचारलं, "आता लगेच घाट चढून घरी निघालो तर चालेल ना?" उत्तर आलं, "बिनधास्त जावा!"

मला न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल आठवला.

१८७० साली या पुलाच्या पायाचं काम सुरू झालं. नदीच्या तळाशी भलीमोठी लाकडी पेटी उपडी ठेवायची, आत दाबाखालची हवा भरायची आणि मजुरांनी आत बसून गाळ उपसायचा. वर आल्यावर मजुरांचे सांधे असह्य दुखायचे, कुणाचे पाय लुळे पडायचे. डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनी अशा ११० जणांवर उपचार केले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये अंथरुणाला खिळला. पुढे त्याची पत्नी एमिली हिनं त्याच्या सूचना कामावर पोचवल्या, तेव्हा कुठे १८८३ मध्ये पूल खुला झाला.

कारण सांगितलं फ्रान्सच्या पॉल बेर यांनी, १८७८ मध्ये. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. माणूस झटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखे. मग उपाय काय? माणसाला पुन्हा दाबाखाली न्यायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. हडसन नदीखालच्या बोगद्यावर अभियंता अर्नेस्ट मॉयर यांनी त्यासाठी कक्षच बसवला आणि मजुरांचे मृत्यू झपाट्यानं घटले. १९०८ मध्ये हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं दिली.

आजही उपचार तोच आहे. लगेच शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि रुग्णाला दाबकक्षात न्यायचं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असा कक्ष आहे. पण मालवणहून मुंबई जवळपास ५०० किलोमीटर!

घाबरवायचं नाही. पर्यटकांचं स्कूबा बहुतेक उथळ पाण्यातलं, तिथे या आजाराचा धोका कमी. पण पाण्याखाली श्वास रोखून वर आलात तर उथळ पाण्यातही फुप्फुस फाटू शकतं. आणि उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास विमान टाळायचं. उंच घाटालाही हाच विचार लागू. एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करा, आमच्या खानावळवाल्यांचंही भलं होईल.

बोटीत चढण्याआधी एवढंच विचारा: "ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे आहे? काही झालं तर फोन कुणाला करणार?" उत्तर नीट आलं नाही, तर खुशाल उतरा. तो धडा मजुरांनी जीव देऊन शिकवलाय. आपल्याला फक्त लक्षात ठेवायचाय.