दोन बिट आणि चार आणे

इथे अमेरिकेत घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायची पद्धत आहे. परवा अशाच एका अंगणात एक पाना उचलला आणि किंमत विचारली. आजोबा म्हणाले, "टू बिट्स. सुटे आहेत ना?" मी इंजिनिअर माणूस, बिट म्हटलं की शून्य नाहीतर एक! माझा चेहरा बघून त्यांनी पंचवीस सेंटचं नाणं दाखवलं.

घरी येऊन शोधलं. अमेरिकेने १७९२ साली शंभर सेंटचा डॉलर ठरवला खरा, पण बाजारात चालायचा स्पॅनिश डॉलर. तो १८५७ पर्यंत इथलं कायदेशीर चलन होता. त्याचे आठ रेआल. सुटे नसले की लोक सरळ नाणंच कापायचे! त्या अष्टमांशाला बिट म्हणत. म्हणजे साडेबारा सेंट.

रुपयाचा अष्टमांश म्हणजे आपले दोन आणे की!

गंमत म्हणजे साडेबारा सेंटचं नाणं अमेरिकेने कधी पाडलंच नाही. पश्चिमेकडे एका बिटच्या वस्तूसाठी पंचवीस सेंट दिले की दुकानदार दहा परत करी. अडीच सेंट गेले! दहा सेंटला 'आखूड बिट' आणि पंधराला 'लांब बिट' अशी नावंही पडली.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हा हाच घोळ. आणा सव्वासहा पैशांचा. कोष्टकात एका आण्याचे ६, दोनाचे १२, तिनाचे १९, चाराचे २५. दोन आणे देणाऱ्याचा अर्धा पैसा बुडाला, तीनवाल्याला पाव पैसा फुकट.

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मात्र भाव १९९७ पर्यंत अष्टमांशात होते, मग सोळाव्या भागात, आणि २००१ मध्ये दशमान. मधली चार वर्षं वॉल स्ट्रीट चक्क आण्यांत मोजत होती!

असो. माझा जन्म आणे गेल्यानंतरचा, तरी पंचवीस पैशांना आम्ही चाराणेच म्हणायचो. ते नाणंही २०११ मध्ये गेलं. रविवारी आई फोनवर लेकीला म्हणाली, "सोळा आणे खरं बोललीस!" लेक माझ्याकडे वळली, "बाबा, आजी काय म्हणाली? ते किती डॉलर?"

म्हटलं, "आठ बिट."

तिला तेही कळलं नाही. पुढच्या वेळी तिला त्या आजोबांकडे घेऊन जाईन म्हणतो.