तकलामकानच्या ममी नक्की कोणाच्या?

ममी म्हटलं की आपल्या बडोदेकरांना आठवते ती कमाटीबागेतल्या संग्रहालयातली इजिप्तची ममी. लेप लावून, पट्ट्या गुंडाळून मुद्दाम टिकवलेली. मी आज ज्या ममींबद्दल लिहितोय, त्या कोणी टिकवल्या नाहीत, आपसूक टिकल्या. आणि त्यांच्या वंशावरून जेवढं राजकारण झालं, तेवढं फार थोड्या मृतांच्या वाट्याला आलं असेल.

ठिकाण आहे चीनच्या शिनजियांग प्रांतातलं तारीम खोरं. मधोमध तकलामकानचं वाळवंट, पाऊस जवळजवळ नाहीच. तिथली वाळू खारी, हिवाळा कडक. पुरलेलं प्रेत कुजण्याआधीच वाळतं. १९३४ साली स्वीडिश संशोधक फोल्के बर्गमन यांना ओर्देक नावाच्या स्थानिक वाटाड्यानं शियाओहेची दफनभूमी दाखवली. पुढे ती जागा जणू हरवली. २००० साली ती पुन्हा सापडली आणि मग चिनी पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या १६७ कबरी तपासल्या. पालथ्या होडीसारख्या शवपेट्या, त्यांवर गुरांचं कातडं, माथ्याशी उंच लाकडी खांब. आत नमद्याच्या टोप्या, लोकरीची वस्त्रं, गहू, काही प्रेतांच्या गळ्याभोवती तर चीजचे तुकडे! मृतांचे केस तपकिरी, नाकं सरळ, पापण्या शाबूत.

१९८० साली याच खोऱ्यात, लोउलानजवळ, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीची एक स्त्री सापडली. 'लोउलानची सुंदरी' हे नाव तिला मिळालं आणि वादाला तोंड फुटलं.

वादाचे पक्ष तीन. पहिला उयघूर लोकांचा. त्यांना तिच्यात आपली आदिमाता दिसली. तिच्यावर गाणं झालं, तिचं काल्पनिक चित्र घरोघर गेलं. आम्ही इथले मूळचे, हान चिनी नंतर आले, असा त्याचा अर्थ. दुसरा पक्ष चिनी शासनाचा. शिनजियांग प्राचीन काळापासून चीनचाच भाग आहे, ही त्यांची अधिकृत भूमिका. त्यात पश्चिमेकडच्या चेहऱ्याची ही बाई कुठे बसवायची, ही त्यांची अडचण. तिसरा पक्ष पाश्चात्त्य. अमेरिकी चीनविद्येचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी १९८८च्या सुमारास उरुमचीच्या संग्रहालयात या ममी पाहिल्या आणि जगापुढे आणल्या. त्यांचा अभ्यास गंभीर होता. पण हामीजवळच्या चौकटीच्या कापडाचं युरोपातल्या प्राचीन कापडाशी साम्य निघालं, तेव्हा काही उत्साही मंडळींनी थेट केल्ट लोकच चीनमध्ये नेऊन बसवले. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचं दुकान चालवणाऱ्यांना तर आयताच माल मिळाला.

तारखा समोर मांडल्या की तिन्ही पक्ष डळमळतात. उयघूरांचं मंगोलियातलं राज्य इ.स. ८४० मध्ये मोडलं, त्यानंतर ते मोठ्या संख्येनं या भागात आले आणि इथल्या जुन्या लोकांत मिसळले. म्हणजे नातं थोडंफार असू शकतं, पण सरळ रेषेत नाही. हान राजवटीचा अंमल इथे इ.स.पू. ६० च्या सुमाराचा. तेव्हा शियाओहेच्या कबरी दीड हजार वर्षांहून जुन्या झाल्या होत्या. आणि युरोपशी नातं जोडायला आधार घेतात तो तोखारी भाषेचा. ती खरोखर युरोपीय भाषांच्या, म्हणजे आपल्या संस्कृत-मराठीच्याही, कुळातली. तिचे लेख तर आपल्या ब्राह्मी लिपीतच आहेत. पण ते इसवी सनाच्या पाचव्या शतकानंतरचे! मधली दोन हजारांहून अधिक वर्षं कशानं भरायची?

२०२१ साली 'नेचर' नियतकालिकात चीन, जर्मनी, कोरिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा निबंध आला. इ.स.पू. २१०० ते १७०० या काळातल्या तारीमच्या १३ व्यक्तींचा जनुकसंच त्यांनी तपासला. निष्कर्ष असा, की सुमारे ७२ टक्के वारसा हिमयुगातल्या उत्तर युरेशियातल्या शिकाऱ्यांचा, उरलेला ईशान्य आशियातला. पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. मात्र दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिनं मिळाली. रक्त जुन्या स्थानिकांचं. गहू आणि दुभती जनावरं पश्चिमेची, बाजरीवर्गातलं धान्य पूर्वेचं!

मला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. रक्त, भाषा, कापड आणि अन्न या चार गोष्टी एकाच गाडीतून प्रवास करत नाहीत. हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. घरात मराठी, बाजारात गुजराती, आणि वरणात गुळाचा खडा. आमचे दात उद्या कोणी तपासले तर काय ठरवेल? राखीगढीचंही तेच झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तिथल्या एका स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला, आणि आठवडाभरात त्याच निबंधातून परस्परविरोधी मथळे निघाले.

तारीमच्या १३ व्यक्तींनीही सगळं मिटलं असं नाही. चेर्चेनचा तो प्रसिद्ध दाढीवाला पुरुष इ.स.पू. १०००च्या सुमाराचा, म्हणजे कितीतरी नंतरचा. त्याच्याबद्दल हा निबंध बोलत नाही.

खरा प्रश्न, हे विचारायचा अधिकार कोणाला, हा आहे. २०११ साली फिलाडेल्फियातल्या पेन संग्रहालयातलं प्रदर्शन उघडायच्या तोंडावर चीननं ममी दाखवायला मनाई केली. पुढे परवानगी मिळाली ती थोड्याच दिवसांसाठी. ही झाली मृतांची गोष्ट. जिवंतांची याहून कठीण. राहिले दावुत या शिनजियांग विद्यापीठातल्या उयघूर लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. याच वाळवंटाच्या कडेचे दर्गे आणि जत्रा त्यांनी गावोगाव फिरून नोंदवल्या. २०१७च्या डिसेंबरात त्या बेपत्ता झाल्या, आणि २०२३ मध्ये कळलं की त्यांना जन्मठेप झाली आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं काय खाल्लं ते आज जगाला ठाऊक आहे. तिच्याच मुलुखातल्या हयात माणसांच्या आठवणी टिपणारी बाई तुरुंगात आहे. वंशावळीचे वाद वाचताना ही दुसरी नोंदही शेजारी ठेवावी, एवढंच माझं म्हणणं.